आई इथली, बाबा तिथले: कागद, नाव, भाषा आणि शाळा

मागच्या अंकात आम्ही मिश्र आशियाई कुटुंबांकडून प्रश्न मागवले होते. एक पालक मराठी आणि दुसरा जपानी, चिनी, कोरियन किंवा थाई, अशा घरांतून पत्रं आली. ‘आमचं मूल नक्की कोण म्हणायचं?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. ते मूल मोठं झाल्यावर ठरवील, आणि वेळोवेळी बदलीलही. तोवर दोन्हीकडचे कागद, भाषा आणि नातेवाईक त्याच्या हाताशी ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि या कामाला मुदती असतात. म्हणून इथे मुदतींबद्दल जास्त लिहिलं आहे. अर्ज भरण्याआधी संबंधित वकिलातीचे चालू नियम एकदा पाहून घ्या.

प्रश्न: मुलगी ओसाकात असते, जावई जपानी आहेत. नुकतीच नात झाली. ती भारतीय की जपानी? दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? आमची थोडी शेती आहे, ती तिला मिळेल का? (एक आजोबा, नागपूर)

नात जन्मतः जपानी आहे. १९८५ पासून आई किंवा वडील यांपैकी कुणीही एक जपानी असलं तरी मुलाला जपानी नागरिकत्व मिळतं. त्याआधी ते फक्त वडिलांकडून येई. जपानमध्ये जन्माची नोंद १४ दिवसांच्या आत करावी लागते, ती जावयांनी केलीच असेल.

आता भारताची बाजू. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असले, तरी भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत नोंद केल्याशिवाय त्याला भारतीय नागरिकत्व मिळत नाही. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं पालकांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे दोन पासपोर्ट एकाच वेळी बाळगण्याचा रस्ता बंद आहे. कुटुंब जपानमध्येच राहणार असेल तर जपानी पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड), हाच सरळ मार्ग. आई भारतीय नागरिक असल्यामुळे नातीला ओसीआय मिळू शकतं. परदेशातून अर्ज करताना शुल्क २७५ डॉलर आहे. पालकांची नावं असलेला जन्मदाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, लग्नाचा दाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. अर्ज अडकतो तो बहुधा आईच्या नावावरून: लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि जन्मदाखल्यावर कताकाना लिपीत तिसरंच काहीतरी. अर्जाआधी ही तिन्ही नावं शेजारी शेजारी ठेवून तपासा.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कार्ड घेतलेल्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांवरच अर्ज करता येतो. वयाच्या २० वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. हे हमखास विसरलं जातं.

शेतीचं म्हणाल तर ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. वारसाहक्कानं आली तर ठेवता येते. तेव्हा प्रेमापोटी आज घाईनं बक्षीसपत्र करू नका.

आणखी एक गोष्ट, पुढच्या नातवंडासाठी. आपल्याकडे बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. तेच मूल नागपुरात जन्मलं असतं तर ते जन्मानं भारतीय झालं असतं, आणि जपानी नागरिकत्व राखण्यासाठी जपानी वकिलातीत तीन महिन्यांच्या आत जन्माची नोंद करावी लागली असती. त्या अर्जात ‘जपानी नागरिकत्व राखून ठेवतो’ अशी एक ओळ असते, तिथे सही लागते. सही राहिली किंवा मुदत टळली, तर जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. ते परत मिळतं, पण मूल १८ वर्षांच्या आतलं हवं आणि त्याचं वास्तव्य जपानमध्ये हवं. बाळंतिणीला विश्रांती हवी हे खरंच, म्हणून हे काम आजोबांनी किंवा मामांनी अंगावर घ्यावं.

ज्यांच्या मुलांकडे जन्मतः दोन्ही नागरिकत्वं आहेत, त्यांनी दोन वयं लिहून ठेवावीत. भारतीय कायद्यानुसार १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. जपानी कायद्यानुसार निवड विसाव्या वर्षापर्यंत करायची असते (एप्रिल २०२२ आधी ही मर्यादा २२ होती). म्हणजे भारताची मुदत आधी येते, आणि ती नेमकी बारावीच्या धामधुमीत.

प्रश्न: पत्नी जपानी, बाळ तीन महिन्यांनी येईल. मुलगी झाली तर लीला किंवा मीरा, मुलगा झाला तर वेदांत, असं मनात आहे. मधलं नाव माझं लावता येईल का? (एक वडील, योकोहामा)

जपानी कुटुंबनोंदणीत, म्हणजे कोसेकीत, मधल्या नावाला रकानाच नाही. तुम्ही वडिलांचं नाव घातलंत, तर ते मुलाच्या नावालाच चिकटतं आणि शाळेच्या हजेरीपासून बँकेपर्यंत सगळीकडे ती लांबलचक पट्टी सोबत जाते. घरात, पत्रिकेत, मुंजीच्या निमंत्रणात मधलं नाव खुशाल लावा, कोसेकीत नको. आडनाव आपोआप जपानी पालकाचं लागतं. पत्नीला तुमचं आडनाव घ्यायचं असेल तर लग्नानंतर सहा महिन्यांपर्यंत साध्या अर्जावर होतं, त्यानंतर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते.

नावाबद्दल आता. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत आणि पासपोर्टवरच्या ठरलेल्या रोमन पद्धतीत दीर्घ स्वर गळतो. त्यामुळे लीलाचं पासपोर्टवर ‘रिरा’ होतं. तुम्हाला एलनं सुरू होणारं स्पेलिंग हवं असेल, तर पहिल्याच पासपोर्टच्या वेळी वेगळ्या स्पेलिंगचा अर्ज आणि परदेशी कागदाचा पुरावा द्या. एकदा ठरलेलं स्पेलिंग सहसा बदलून मिळत नाही, आणि ओसीआयवर पासपोर्टचंच नाव छापलं जातं. वेदांतच्या शेवटच्या व्यंजनाला स्वर जोडला जातो आणि ‘व’ चा ‘ब’ होतो, म्हणून वर्गात ‘बेदांतो’ ऐकू येईल. मीरा मात्र टाळा: दीर्घ ‘मी’ म्हटली की जपानी कानाला ‘मिइरा’ ऐकू येतं, आणि मिइरा म्हणजे पिरॅमिडमधलं वाळलेलं प्रेत. पहिलीतली मुलं हे सोडणार नाहीत.

दोन्हीकडे नीट चालणारं नाव हवं असेल तर शेवटी स्वर असावा, ल, ळ, व आणि जोडाक्षर नसावं, आणि दीर्घ-ऱ्हस्व बदललं तरी अर्थ बिघडू नये. माया, नीना ही या कसोटीला उतरतात. मे २०२५ पासून कोसेकीत नावाचा उच्चारही अधिकृतपणे नोंदला जातो. तो पत्नीच्या आईवडिलांकडून मोठ्यानं वाचून घ्या, मग सही करा.

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे. वर्गातली मुलं त्याला ‘हाफू’ म्हणतात, अधूनमधून ‘तुझ्या देशात जा’ असंही. तो घरी येऊन विचारतो, माझा देश कुठला? (एक आई, निशि-कासाई, टोकियो)

‘हाफू’ (इंग्रजी ‘हाफ’, म्हणजे अर्धा) हा शब्द जपानमध्ये इतका रुळला आहे की बहुतेकांच्या मनात त्यामागे दुष्टावा नसतो. काही मुलं तो स्वतःहून लावतात, काहींना ‘दाबुरु’, म्हणजे दुप्पट, बरा वाटतो, काहींना दोन्ही नकोत. मुलाला कुठला चालतो हे त्यालाच विचारा आणि घरात तोच वापरा. ‘तुझ्या देशात जा’ हे मात्र वेगळ्या खात्यात जातं. २०१३ च्या जपानी कायद्यात दांडगाईची व्याख्या ज्याला त्रास झाला त्याच्या बाजूनं केली आहे: मुलाला मानसिक किंवा शारीरिक क्लेश झाला की ती दांडगाई, करणाऱ्याचा हेतू काहीही असो. शाळेला त्यावर पावलं उचलावीच लागतात.

करायचं असं. रोजच्या रेनराकुचो वहीत (शाळा आणि घर यांच्यातल्या निरोपांची वही) तारीख, जागा (मधल्या सुट्टीत, बुटांच्या कपाटापाशी, जिथे घडलं तिथली) आणि मुलानं सांगितलेले शब्द जसेच्या तसे जपानीत लिहा. ‘मुलं चिडवतात’ एवढंच लिहिलंत तर ‘लक्ष ठेवतो’ असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. आठवडाभरात काही हललं नाही तर वर्गशिक्षकांची वेळ मागा, मग इयत्ताप्रमुख, मग मुख्याध्यापक, शेवटी वॉर्डाचं शिक्षण मंडळ. पायरी गाळू नका. वर्गशिक्षकांना वळसा घालून वर गेलं की ते दुखावतात, आणि रोज वर्गात असतात ते तेच. भेटीला जपानी पालकही हवेत. एकट्या परदेशी आईचं म्हणणं ‘संस्कृतीतला गैरसमज’ म्हणून बाजूला ठेवलं जाण्याचा धोका असतो.

शाळा सद्भावनेनं सुचवील, ‘वर्गात भारत दिवस करू या’. आधी मुलाची परवानगी घ्या. साडी नेसून आई आली, सामोसे वाटले, की काही मुलं खूश होतात. ज्याला गर्दीत मिसळून राहायचं आहे, तो मात्र त्या दिवसापासून वर्गाचा कायमचा पाहुणा ठरतो. त्यापेक्षा दोन मित्रांना शनिवारी घरी बोलावलेलं जास्त उपयोगी पडतं.

मुलाला तीन उत्तरं सरावानं द्या. घाईत असताना: ‘मी एदोगावाचा.’ बोलावंसं वाटलं तर: ‘आई भारतातली, बाबा जपानचे, मी दोन्हीकडचा.’ आणि नको असेल तेव्हा: ‘आज नाही सांगायचं.’ तिसरं उत्तर चालतं, हे त्याला मोठ्यांच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मूळचे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले, हेही सांगा. आणि २०१६ ची मिस वर्ल्ड जपान प्रियांका योशिकावा हिचे वडील भारतीय, आई जपानी. ‘ही कसली जपानी’ अशी टीका तेव्हाही झाली आणि किताब तरीही तिच्याकडेच राहिला.

पुढचं एक: काही माध्यमिक शाळा केस नैसर्गिक आहेत असा दाखला मागतात. आपल्या मुलांचे केस काळे असले तरी कुरळे असले की प्रश्न येतो. टोकियो महानगराच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी केस काळेच हवेत हा नियम एप्रिल २०२२ पासून काढला, पण खासगी शाळांचे नियम ज्याचे त्याचे. प्रवेशाआधी विचारून घ्या.

प्रश्न: मी कोल्हापूरची, नवरा कोरियन, मुलगा साडेचार वर्षांचा. मराठी सगळं समजतं, उत्तर कोरियनमध्ये देतो. सासूबाई म्हणतात, दोन भाषांमुळे गोंधळतो. (एक आई, सोल)

दोन भाषांमुळे मूल गोंधळत नाही. दोन्हींतले शब्द एका वाक्यात येणं हा शिकण्याचा भाग आहे. सासूबाईंची काळजी खरी असेल, तर कुटुंब केंद्रात मुलाची भाषाचाचणी करून घ्या. २००८ च्या बहुसांस्कृतिक कुटुंब कायद्याखाली ती सोय आहे. चाचणीचा कागद पाहून घरातला वाद लवकर मिटतो.

तुमच्या घरातलं दुखणं वेगळं आहे. मराठी बोलणारी व्यक्ती एकच, आणि तिला कोरियन येतं हे मुलाला ठाऊक आहे. मग तो कष्ट कशाला घेईल? ज्यांना कोरियन येत नाही अशा माणसांशी बोलायची वेळ आणा. कोल्हापूरच्या आजीशी आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा मिनिटं, पण काहीतरी काम हातात घेऊन: आजीनं बटाटे सोलायचे, यानंही सोलायचे, आजीनं चित्राचं वर्णन करायचं, यानं काढायचं. ‘आजीला मराठीत काहीतरी बोलून दाखव’ हे पूर्ण बंद. त्यानं मुलं कायमची तोंड मिटतात. रोज झोपताना वीस मिनिटं मराठी वाचन. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. आणि जमत असेल तर वर्षातून सलग तीन-चार आठवडे कोल्हापुरात, तुमच्या भाचरांच्या घोळक्यात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाक्यं फुटायला लागतात, म्हणून आठ दिवसांची सहल पुरत नाही.

शब्दक्रमाची काळजी नको. कोरियन आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं आणि ‘ला, त, हून’ सारखे तुकडे नामाच्या मागे लागतात. ‘जिबे गायो’ आणि ‘घरी जातो’ यांचा साचा एकच आहे. अडतं ते दोन ठिकाणी. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला क-ग, त-द, प-ब हा फरक आपल्यासारखा पाळत नाहीत, त्यामुळे ‘काय’ आणि ‘गाय’, ‘दार’ आणि ‘तार’ यांची गल्लत होईल. चित्रांच्या जोड्या करून ‘गाय कुठली दाखव’ असा खेळ घ्या. आधी कानाला फरक कळू दे, उच्चार मागून येतो. दुसरं लिंग. कोरियनमध्ये ते नाहीच, त्यामुळे ‘माझा पुस्तक’ दोन-तीन वर्षं चालेल. तो ‘माझा पुस्तक कुठे?’ म्हणाला की ‘तुझं पुस्तक? टेबलावर’ एवढंच म्हणा आणि पुढे चला. थांबवून दुरुस्त करत बसू नका.

प्रश्न: मी मराठी, पत्नी चिनी वंशाची सिंगापूरकर. बाळाच्या नोंदीत ‘इंडियन-चायनीज’ लिहावं की ‘चायनीज-इंडियन’? (एक वडील, सिंगापूर)

२०११ पासून जोडवंश लिहिता येतो, आणि क्रमाला महत्त्व आहे: जिथे सरकारला एकच वंश धरायचा असतो तिथे पहिला धरतात. हे दोन ठिकाणी जाणवतं. पहिलं घर. सरकारी वसाहतींत १९८९ पासून वंशवार मर्यादा आहेत; भारतीय आणि इतर मिळून एका इमारतीत १५ टक्के, परिसरात १२ टक्के; चिन्यांसाठी ८७ आणि ८४. चिनी गटाची मर्यादा भरलेल्या इमारतीत भारतीय गटातल्या माणसाला जुनं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी मिळतं. पण मूल घर घेईल त्याला अजून पंचवीस-तीस वर्षं आहेत. तेवढ्यासाठी क्रम ठरवू नये, असं आमचं मत.

दुसरं शाळेतली ‘मातृभाषा’, म्हणजे इंग्रजीसोबत शिकायची, सहसा वंशावरून ठरणारी भाषा, आणि तिचा विचार आत्ताच करा. मराठी त्या यादीत नाही. तमिळ सोडून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात. चिनी घेतली तर घरी पत्नी आणि आजी-आजोबा अभ्यास घेऊ शकतील. मग मराठीचा सगळा भार तुमच्यावर. हिंदी घेतली तर देवनागरी शाळेतून मिळते आणि मराठी वाचन सोपं जातं, पण वर्ग बऱ्याचदा शनिवारी दुसऱ्या केंद्रात असतात आणि चिनी आजोळाशी बोलणं तुटू शकतं. घरात रोज कोण किती वेळ कुठली भाषा बोलणार हे आधी ठरवा, जी भाषा घरून पुरी पडणार नाही ती शाळेतून घ्या. पहिलीच्या प्रवेशावेळी पसंती लेखी कळवा.

प्रश्न: होणारी सून थाई आहे. आरोग्याच्या दृष्टीनं काही बघावं लागतं का? (एक आई, ठाणे)

एक तपासणी जरूर करा, दोघांचीही: एचपीएलसी पद्धतीची हिमोग्लोबिन तपासणी. थायलंडमध्ये हिमोग्लोबिन-ई हा बदल बऱ्याच लोकांत असतो, आपल्याकडे बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतात. वाहक स्वतः ठणठणीत असतात, पण हे दोन एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला थॅलेसेमियाचा आजार होईल, आणि तो तीव्रही असू शकतो. शरीरात लोह कमी असेल तर अहवाल फसवा येऊ शकतो, म्हणून सोबत फेरिटिन पाहा. लग्न मोडायचं हे कारण नव्हे. दोघंही वाहक निघाले तर गरोदरपणाआधी जनुकतज्ज्ञांना भेटायचं, इतकंच. आणि डॉक्टरांच्या फॉर्मवर दोन्ही बाजूंचा वंश लिहावा: कार्बामाझेपिन हे फिटचं औषध आग्नेय आशियाई आणि चिनी वंशाच्या काहींना घातक त्वचाविकार देतं, त्यासाठी आधी जनुकतपासणी करतात.

प्रश्न: माझे पणजोबा चीनहून मुंबईत आले. बाबांचा जन्म १९७२, मुंबईतलाच. आई रत्नागिरीची. मी २००६ ची, मराठी माध्यमात शिकले. पासपोर्टच्या पडताळणीत बाबांच्या नागरिकत्वाचा पुरावा मागितला. कॉलेजात ‘कोरोना’, ‘मोमो’ चालूच असतं. मला चिनी येत नाही, मग मी स्वतःला चिनी म्हणावं का? (एक विद्यार्थिनी, मुंबई)

आधी पासपोर्ट. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानं भारतीय, आईवडील कुठलेही असोत (परकीय राजदूतांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडून). तुझे बाबा यात बसतात. तुझा जन्म ३ डिसेंबर २००४ नंतरचा, म्हणून तुझ्या वेळी दोन्ही पालकांचं नागरिकत्व पाहतात, आणि दोघंही भारतीय आहेत. बाबांचा महापालिकेचा जन्मदाखला, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आईचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला आणि दोघांचा विवाहदाखला, एवढं घेऊन जा. अडचण येते ती नावाच्या क्रमाची. चिनी पद्धतीत आडनाव आधी येतं. एका कागदावर तेच नाव म्हणून चढतं, दुसऱ्यावर आडनाव म्हणून. बाबांच्या कागदांत असं झालं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात देऊन एकच रूप पक्कं करा, मग अर्ज करा.

पडताळणी करणाऱ्यानं आजोबांबद्दल विचारलं तर घाबरू नकोस, पण घरातल्यांचा घाबरटपणा समजून घे. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, काहींना १९६७ पर्यंत. पुष्कळ कुटुंबं त्यानंतर देश सोडून गेली, राहिलेल्यांनी घरात चिनी बोलणं कमी केलं. तुझ्यापर्यंत भाषा पोचली नाही ती बहुधा याच कारणानं, तुझ्या आळसानं नव्हे.

कॉलेजातलं चिडवणं रॅगिंगच्या नियमात येतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये वंश, रंग, रूप, जन्मस्थान आणि भाषा यांवरून होणारी छळवणूक त्यात स्पष्टपणे घातली. रॅगिंगविरोधी समितीकडे तारीखवार लेखी तक्रार दे, व्हॉट्सॲपच्या संदेशांचे स्क्रीनशॉट जोड आणि पोच घे. तोंडी तक्रारीची कुठे नोंद राहत नाही.

आणि हो, म्हणावंसं वाटलं तर चिनी म्हण, मराठी म्हण, मुंबईकर म्हण. भाषेची परीक्षा कुणी घेऊ शकत नाही. शिकायचीच असेल तर क्लासची फी भरण्याआधी एक कर. माझगावचं १९१९ सालचं चिनी देऊळ ज्या सी यिप भागाच्या लोकांनी उभारलं, तो भाग दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातला. तिथली बोली मँडरिन नाही. आजी किंवा आत्याला एक, दोन, तीन म्हणायला सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर. ‘ई, अर, सान’ आलं तर मँडरिन, ‘यात, यी, साम’ आलं तर कँटोनीज, ‘यित, ङी, साम’ आलं तर हाक्का. पुण्या-मुंबईतले बहुतेक वर्ग मँडरिनचे असतात. नोकरीसाठी ते ठीक आहेत, पण आजीशी बोलायचं असेल तर तिच्याच बोलीत घरातल्या रोजच्या वस्तूंची शंभर नावं रेकॉर्ड करून घे, देवनागरीत लिही आणि आधी ती पाठ कर.